दारातला फालसा : उन्हाळ्याचं पेय, विनयातलं फळ

उन्हाळा लागला की भोकर, मुदखेड, हिमायतनगर या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, नळाला किंवा हातपंपाला लागलेली घागरींची रांग. दुसरी, लेकरांच्या हातातली लाल-पिवळी पेप्सीकोलाची नळी. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाया पाणी कमी पितात. पाणी दूर असतं, आणि लघवीला आडोसा नसतो म्हणून तहान मारली जाते. संध्याकाळी डोकं ठणकतं, पाय वळतात, लघवी पिवळी होऊन जळजळ सुरू होते. मग मेडिकलवरून एक गोळी आणली जाते आणि दुसऱ्या दिवशी तेच चक्र सुरू होतं.

या पानावर आपण आजवर गोळ्या, तपासण्या, लसीकरण यांबद्दल बोललो. यावेळी एका झुडपाबद्दल बोलू. त्याचं नाव फालसा. हे झुडूप घराच्या अंगणात, विहाराच्या कुंपणाला, जागाच नसेल तर फुटक्या ड्रमातही येतं. त्याची फळं ऐन उन्हाळ्यात पिकतात. आणि आपल्या धम्माच्या ग्रंथात त्याचं नाव आलेलं आहे.

फळाची ओळख

फालसा हे वाटाण्याएवढं, गोल फळ. आधी हिरवं, मग लालसर आणि पिकल्यावर काळपट जांभळं होतं. चव आंबट-गोड असते. आत एक-दोन टणक बिया असतात. झाड मुळात झुडूपवजा, फांद्या लांब आणि लवचिक, पानं रुंद, खरबरीत आणि थोडी लवदार. फुलं लहान पिवळी. आपल्या रानातली धामण, जिच्या लाकडाचे कुऱ्हाडीला दांडे करतात, ती याच कुळातली.

फालसा उत्तर भारतात अधिक लावतात. आपल्याकडे तो दुर्मीळ झाला आहे. हैदराबादच्या बाजारात मात्र उन्हाळ्यात तो विकायला येतो आणि नांदेड भागातल्या जुन्या माणसांना त्याचं सरबत ठाऊक असतं. तो बाजारात कमी का दिसतो, याचं कारण साधं आहे. तोडल्यावर हे फळ एक-दोन दिवसांत खराब होतं. दूरच्या बाजारात पाठवता येत नाही, म्हणून व्यापाऱ्याला परवडत नाही. जे व्यापाऱ्याला परवडत नाही तेच घरच्या अंगणाला शोभतं, कारण तिथे तोडायचं आणि लगेच खायचं असतं.

विनयात फालसा

विनयपिटकाच्या महावग्गात 'भेसज्जक्खंधक' नावाचा भाग आहे. भेसज्ज म्हणजे भैषज्य, औषध. भिक्खूंनी आजारपणात काय घ्यावं, काय खावं-प्यावं याची चर्चा त्यात आहे. आपण नावावरून आपण नावाच्या गावाची कथा तिथे येते. तिथल्या केणिय नावाच्या जटिलाने भगवान बुद्धांसाठी आणि भिक्खुसंघासाठी पेय तयार करून आणलं. त्या प्रसंगी बुद्धांनी आठ पेयांना परवानगी दिली. आंबा, जांभूळ, केळी, द्राक्ष यांच्याबरोबर त्या यादीत आठवं नाव येतं ते 'फारुसकपान'. फारुसक म्हणजेच संस्कृतातला परूषक, आपला फालसा.

यातल्या दोन गोष्टी आरोग्याच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, दुपारनंतर न जेवणाऱ्या भिक्खूंना गाळलेला फळांचा रस चालतो. म्हणजे शरीराला पाणी आणि थोडी शक्ती लागते, याचा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी झाला होता. दुसरी, परवानगी ताज्या रसाला आहे. आंबवून मद्य झालेल्या रसाला नाही. आपण पाचवं शील घेतो ते सुरा-मेरयापासून दूर राहण्याचं. फालशाचा रस उन्हाळ्यात लवकर आंबतो, म्हणून तो केला त्याच दिवशी संपवायचा. इथे शील आणि स्वच्छता एकाच वाटेने जातात.

ग्रंथात नाव आहे म्हणून झाड पवित्र झालं, असं मात्र कोणी समजू नये. त्याला हळद-कुंकू नको, फेऱ्या नकोत. त्याला पाणी आणि शेणखत हवं.

जागा कोणती

फालशाला ऊन लागतं. दिवसातून किमान सहा तास ऊन पडेल अशी जागा निवडा. हलकी, मुरमाड जमीनही त्याला चालते. पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबतं, म्हणून तिथे वीतभर उंच मातीचा वरंबा करून त्यावर रोप लावावं.

एकापेक्षा जास्त झाडं लावायची असतील तर दोन झाडांत आठ फुटांचं अंतर ठेवा. घराच्या भिंतीपासून चार-पाच फूट लांब लावा. अंगण नसेल तर मोठा प्लास्टिकचा ड्रम किंवा जुनी टाकी घ्या, तळाला बोटभर रुंदीची पाच-सहा छिद्रं पाडा, खाली विटांचे तुकडे टाका आणि वर माती-शेणखत भरा. ड्रमातल्या झाडाला फळ कमी येतं, पण येतं. ज्यांचं घर भाड्याचं आहे किंवा ज्यांच्या जागेचा कागद अजून झालेला नाही, त्यांना ड्रम बरा. उठावं लागलं तर झाड सोबत नेता येतं.

रोप कसं करायचं

सगळ्यात स्वस्त मार्ग बियांचा. मे-जूनमध्ये कुठे पिकलेला फालसा मिळाला तर गर खाऊन बिया धुवा आणि सावलीत वाळवा. बी फार काळ टिकत नाही. तीन महिन्यांनंतर उगवण्याची ताकद झपाट्याने कमी होते. म्हणून त्याच पावसाळ्यात, जुलैपर्यंत पेरा. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली छिद्रं पाडून त्यात अर्धी माती, अर्धं कुजलेलं शेणखत भरा आणि अर्धा इंच खोल दोन-दोन बिया टाका. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. रोप वर्षभर पिशवीत वाढवून पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावावं.

ज्यांना तयार रोप हवं त्यांनी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात चौकशी करावी. एक सावधानता बाळगा. 'हायब्रीड फालसा, पहिल्याच वर्षी टोपलीभर फळ' असं सांगून कोणी चढा भाव मागत असेल तर घेऊ नका. आंबा-पेरूसारख्या फालशाच्या ठरलेल्या, नावाजलेल्या जाती नाहीत. उंच वाढणारा आणि बुटका असे दोन प्रकार लोक ओळखतात. घरासाठी बुटका बरा. शेजारणीच्या झाडाचं बी फुकट मिळतं आणि तेवढंच चांगलं असतं.

लावताना दीड-दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा उन्हाळ्यातच खोदून तापू द्या. पाऊस पडला की वरची माती आणि दोन-तीन टोपल्या कुजलेलं शेणखत भरून रोप लावा. कच्चं शेण घालू नका, त्याने मुळं जळतात आणि वाळवी लागते.

पाणी : घागर कोणाच्या डोक्यावर आहे ते पाहून

झाडाला पाणी लागतं म्हणून बाईने आणखी एक घागर वाहायची असेल, तर ते झाड तिच्या आरोग्याचं नाही. म्हणून नियम असा करा की फालशाला पिण्याचं पाणी घालायचं नाही. भाजी, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी आणि हात-पाय धुतलेलं पाणी झाडाकडे वळवा. कपड्याच्या साबणाचं, सोड्याचं पाणी मात्र नको.

पहिल्या उन्हाळ्यात रोपाला आठवड्यातून दोनदा एक बादली पुरते. बुडाशी वाळलेला पाला, उसाचं पाचट किंवा सोयाबीनचा भुसा चार बोटं जाड पसरा, ओल टिकते. झाड मोठं झालं की ते बऱ्यापैकी कोरडेपणा सोसतं. तरी फुलं आल्यापासून फळ पिकेपर्यंत आठवड्याला एखाद-दुसरी बादली मिळाली तर फळ रसदार होतं. पाणी घालण्याचं काम घरातल्या मुलांना आणि पुरुषांना वाटून द्या.

छाटणी विसरलात तर फळ विसरा

फालशाला फळ नव्या फुटव्यावर येतं. जुन्या फांद्या तशाच ठेवल्या तर झाड उंच होतं, फळ कमी येतं आणि जे येतं ते हाताला लागत नाही. पहिली दोन वर्षं वाढू द्या. तिसऱ्या वर्षापासून दर डिसेंबर-जानेवारीत सगळ्या फांद्या जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर धारदार कोयत्याने छाटा. वाळलेल्या, एकमेकींत अडकलेल्या फांद्या बुडातून काढा. मग बुडाशी माती मोकळी करून एक घमेलं भरून शेणखत द्या. छाटलेल्या काड्या टाकू नका, वालाच्या वेलाला आधार म्हणून किंवा टोपली विणायला त्या उपयोगी पडतात.

इथे आपल्या वस्तीची एक अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला जातात आणि छाटणीच्या दिवसांत कुलूप असतं. यासाठी महिला मंडळाच्या बैठकीत आधीच ठरवावं की कोणाच्या झाडाची छाटणी कोण करणार. मागे राहिलेल्या आजी-आजोबांना कोयता चालवायला लावू नका, वस्तीतल्या दोन तरुणांनी एका रविवारी सगळी झाडं उरकावीत.

तोडणी

फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं येतात आणि साधारण एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत फळ पिकत राहतं. सगळं एकदम पिकत नाही, म्हणून एक दिवसाआड सकाळी उन्हाच्या आधी तोडा. जांभळं झालेलं फळच घ्या. चांगलं वाढलेलं झाड हंगामात काही किलो फळ देतं. बुलबुल आणि इतर पाखरं आधी पोचतात. जुनी ओढणी किंवा पातळ साडी झाडावर टाकली की पुरेसं होतं. एखादी फांदी पाखरांसाठी उघडी राहू द्या.

सरबत असं करा

पाव किलो पिकलेली फळं दोनदा धुवा. स्वच्छ हाताने पातेल्यात चुरा, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घाला आणि स्वच्छ सुती कापडातून गाळा. चार-पाच चमचे साखर किंवा गूळ, चिमूटभर मीठ, थोडं भाजलेल्या जिऱ्याचं कूट घाला. माठातल्या पाण्याने गारवा येतो. गाडीवरचा बर्फ घालू नका, तो बऱ्याचदा पिण्याच्या पाण्याचा नसतो. सरबत त्याच दिवशी संपवा.

मधुमेह असणाऱ्यांनी साखर-गूळ दोन्ही टाळावं. गूळ 'चालतो' हा गैरसमज आहे, त्यानेही रक्तातली साखर वाढते. त्यांनी मूठभर फळं तशीच खावीत. पाच वर्षांखालच्या लेकरांना अख्खं फळ देऊ नका, टणक बी घशात अडकू शकते. त्यांना गाळलेला रस द्या. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको, पाणीही नको.

हे औषध नाही, मग कशासाठी?

फालशाने रक्त वाढतं, लू लागत नाही, अमुक आजार बरा होतो, असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. बुद्धांनी ऐकीव गोष्ट तपासून घ्यायला शिकवलं. म्हणून नीट वेगळं करून सांगतो.

*जुलाब झाले तर* फालशाचं गोड सरबत देऊ नका. जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवून घोट-घोट पाजा. ते आशाताईंकडे मिळतं. लेकराला झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्या, जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नका.

*ऊन लागलं तर*, म्हणजे अंग खूप तापलं, बोलणं असंबद्ध झालं, शुद्ध हरपली, तर काहीही पाजत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं.

*रक्त कमी असेल तर* फालशावर अवलंबून राहू नका. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांमध्ये रक्ताची कमतरता आढळते. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल, गरोदरपणात 11 च्या खाली असेल, तर लोहाच्या गोळ्या लागतात. त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा घेऊ नका. पालेभाजी, डाळीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं.

सिकलसेल आणि उन्हाळा

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा पाठ मुद्दाम लिहितो आहोत ती.

रक्त कमी असण्याचं कारण दरवेळी लोहाची कमतरता नसतं. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि किनवट-माहूरकडच्या आदिवासी भावंडांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. आपल्या सोयरिकी यवतमाळ, वाशीमपर्यंत जातात, म्हणून तो आपल्याही घरांत असू शकतो. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. हातापायात, पाठीत, छातीत असह्य कळा येतात. डोळे पिवळे होतात. ही ना करणी, ना कोणाचा कोप. हा आईवडिलांकडून आलेला जनुकांचा दोष आहे आणि त्यात कोणाचाही अपराध नाही.

शरीरातलं पाणी कमी झालं की पेशी अधिक वाकतात आणि कळा उठतात. म्हणजे तहान मारून उन्हात राबणं हे सिकलसेलच्या मुलीला थेट दवाखान्यात पोचवणारं आहे. अशा रुग्णाने उन्हाळ्यात तहान लागण्याची वाट न पाहता दर तासाला पाणी प्यावं. नुसतं पाणी सतत पिववत नाही, अशा वेळी ताक, लिंबूपाणी, फालशाचं फिकं सरबत मदतीला येतं. दारातल्या झाडाचं खरं काम हे आहे. पाणी पिण्याची आठवण आणि गोडी, दोन्ही ते देतं. सरबत कळा थांबवत नाही. कळा उठल्या, ताप आला, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा. डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्या बंद करू नका. सिकलसेल असणाऱ्यांनी लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

सिकलसेलची पहिली तपासणी रक्ताच्या थेंबावर होते आणि सरकारी दवाखान्यात मोफत आहे. 1 जुलै 2023 पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही सुरू आहे. लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांची तपासणी करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस स्वतः सहसा आजारी नसतो. त्याला नाकारणं, हिणवणं हे आपल्याला शोभणार नाही. माणसाला रक्तावरून कमी लेखणं काय असतं हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

वैशाख पौर्णिमेला विहारात

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पिण्याचं पाणी हा आपल्यासाठी आरोग्याचा आणि माणुसकीचा, असा एकच प्रश्न राहिला आहे. आज आपल्याच वस्तीतल्या बाया शेतावर तहान मारत असतील, तर तो प्रश्न अजून पुरा सुटलेला नाही. ज्यांच्या शेतात आपण कामाला जातो तिथे पाणी आणि आडोसा मागणं हा आपला हक्क आहे. गटाने मागितलं तर मिळतं, एकटीने मागितलं तर टाळलं जातं.

यंदाच्या पावसाळ्यासाठी आमचा प्रस्ताव असा आहे. प्रत्येक विहाराच्या अंगणात निदान दोन फालसे लावावेत. त्यांना पाणी घालण्याची पाळी बालसंस्काराच्या मुलांकडे द्यावी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी वैशाख पौर्णिमेला, जेव्हा हे फळ पिकलेलं असतं, भन्तेंना आणि वस्तीला त्याच झाडाचं गाळलेलं पान द्यावं. त्या दिवशी आशाताईंना बोलावून हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी ठेवावी. पहिल्या तीन वर्षांत झाडाला फळ नसेल, पण तपासणीला झाडाची वाट पाहण्याची गरज नाही.

वर्षाचं वेळापत्रक

मे-जून : बी जमवा, खड्डे खोदून तापू द्या.
जुलै : बी पिशवीत पेरा. मागच्या वर्षीची रोपं जमिनीत लावा.
ऑगस्ट-सप्टेंबर : तण काढा, बुडाशी पाणी साचू देऊ नका.
ऑक्टोबर : ऊसतोडीला जाणाऱ्यांनी झाडाची आणि घरच्या रुग्णाच्या गोळ्यांची जबाबदारी कोणाकडे ते ठरवून जा. सिकलसेलचं कार्ड सोबत न्या.
डिसेंबर-जानेवारी : छाटणी आणि शेणखत.
फेब्रुवारी-मार्च : फुलं, पाणी सुरू.
एप्रिल-जून : एक दिवसाआड तोडणी, दर तासाला पाणी.

हे पान कापून विहाराच्या फळ्यावर लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना महिला मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवा, आणि सिकलसेलचा भाग दोनदा वाचा.

जय भीम! नमो बुद्धाय!